शिवडीच्या चिंचेचा खून

१

मंगळवारी सकाळी नळावर निघालेल्या बायकांनी ते आधी पाहिलं, आणि रिकामे हंडे तिथंच टाकून त्या ओरडत चाळीत परतल्या. खाडीकाठची जुनी चिंच मुळांसकट उपटून आडवी झाली होती. बुंध्याशी बांधलेला चौथरा फुटून त्याचे चिरे चहूकडे उधळले होते. चौथऱ्यावरचा काळा दगड चिखलात पालथा पडला होता. त्या दगडावर एकच नाव होतं, जयराम गोलतकर.

जयराम एकोणीस वर्षांचा होता. मुंबई महाराष्ट्राची म्हणत तो रस्त्यावर उतरला आणि आदल्या वर्षीच्या जानेवारीत गोळीबारात गेला. चाळकऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या हातांनी चिरे वाहून तो चौथरा बांधला होता. आता १९५७ चा फेब्रुवारी उजाडला होता, निवडणूक तोंडावर आली होती, आणि मोजक्या बायका आणि म्हातारी माणसं सोडली तर शिवडीतली झाडून सगळी माणसं आदल्या दिवशी कडकडीत बंद पाळून शिवाजी पार्कच्या सभेला गेली होती. वस्ती ओस पडली असताना कुणीतरी डाव साधला होता.

कशानं साधला, हे विचारायची गरज नव्हती. चिंचेच्या शेजारीच ‘वेलणकर अँड सन्स’चं खोदाईचं मशीन उभं होतं. ही कंपनी रान साफ करून देण्याचा धंदा करी. झुडपं काढायची, खुंट उपटायचे, जमीन सपाट करून द्यायची. मशीनला सगळे हत्ती म्हणत, कारण त्याला लांब सोंड होती. चाकांऐवजी ते लोखंडी पट्ट्यांवर सरकायचं. माती उचलायची तर सोंडेला लोखंडी सूप लावायचं, झाडं उपटायची तर सूप काढून दात्यांचा पंजा लावायचा. त्या पंजात अजून चिंचेची मुळं अडकलेली होती.

खाडीकाठच्या जमिनीवर गोदामं व्हायची होती. चिंच आणि चौथरा मात्र तूर्त हलवायचा नाही, असा कोर्टाचा मनाई हुकूम होता.

हत्तीचा ऑपरेटर होता दगडू मर्चंडे. तो त्याच चाळीत राहायचा. कंपनीनं त्याला दुपारपर्यंत कामावरून काढून टाकलं, कारण त्यानं म्हणे मालकाला न विचारता मशीन बाहेर काढलं. चाळीनं त्याला संध्याकाळपर्यंत वाळीत टाकायचं ठरवलं, कारण मालकानं म्हणे त्याला विकत घेतला. एका माणसावर एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी आळ आला आणि दोन्ही आळ एकमेकांशी जुळत नव्हते, पण तेवढा विचार करायला कुणाला सवड होती?

बुधवारी पहाटे दगडूच्या दारावर कुणीतरी डांबरानं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गद्दार’. त्याची बायको कौसल्या रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला धावली. दगडूनं तिचा हात धरला.

“राहू दे. ज्यानं लिवलंय, तोच पुसंल.”

२

गिरगावातल्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर अॅडव्होकेट लतिका दिघे यांची पाटी होती. पस्तिशीच्या ह्या बाईंनी सत्याग्रहात तुरुंगाची हवा खाल्ली होती आणि बाहेर आल्यावर तिथल्या आमटीविरुद्ध तक्रार केली होती. एकदा न्यायाधीशांनी “बाई, आवाज खाली,” म्हटलं, तेव्हा “आवाज खालीच आहे साहेब, मुद्दा वर गेलाय,” असं त्या म्हणाल्या होत्या. कामगारांच्या वस्तीत त्यांना वकीलबाई म्हणत.

कौसल्या त्यांच्यासमोर बसायलाही तयार नव्हती.

“बाई, उद्या संध्याकाळी चाळीची बैठक आहे. आमची खोली सोडा म्हणून सांगणार. हे एक शब्द बोलत नाहीत. सभेला गेलो होतो, एवढंच एकदा सांगितलं. कोण होतं बरोबर म्हणून विचारलं तर म्हणतात, लाख माणसं होती.”

“लाख माणसं म्हणजे एकही साक्षीदार नाही,” लतिका म्हणाली. “तू घरी होतीस?”

“सासूबाईंना ओकाऱ्या होत होत्या, म्हणून राहिले. म्हातारीला लिंबाचं पाणी तरी द्यावं म्हणून सगळ्या शिवडीभर फिरले. बंदच होता. भाजीवाला नाही, दुकान नाही, कुणाच्या घरात लिंबू नाही.”

“मशीनचा आवाज ऐकलास?”

“गोदीकडून घरघर आली. वाटलं बोट असेल. एवढी अक्कल असती तर धावले नसते का?” आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

लतिकानं तिला रडू दिलं. मग चपला घातल्या. वेलणकरांची कचेरी दोन गल्ल्या सोडून होती. थोरले वेलणकर अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे धंदा त्यांचा मुलगा जगदीश बघायचा. तो विलायतेत यंत्रविद्या शिकून आला होता आणि शिवडीतली प्रत्येक गोष्ट त्याला अडगळ वाटायची.

कचेरीखाली त्याची काळीभोर मोटार उभी होती, आरशासारखी पुसलेली. पुढच्या बंपरला काळ्या दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या मिरच्या लोंबत होत्या. लतिकाला हसू आलं. विलायतेहून आलेला माणूसही मुंबईच्या रस्त्यावर नजर लागू नये म्हणून काळजी घेतो तर!

“आमच्या आईचं खूळ,” जगदीशनं खांदे उडवले. “दर शनिवारी स्वतःच्या हातानं ओवून बांधायला लावते. मी बघतही नाही तिकडे. बोला, काय हवंय?”

“सोमवारी तुम्ही कुठं होतात?”

“घरी. दुसरीकडे कुठं असणार? गाडी गॅरेजमधून काढली असती तर तुमच्या लोकांनी काचा शिल्लक ठेवल्या असत्या? ड्रायव्हरसुद्धा तुमच्या सभेला.” तो खुर्चीत मागे रेलला. “हे बघा, हँडलच्या पेटीला कुलूप असतं. हँडलशिवाय हत्ती सुरू होत नाही. किल्ल्या तीनच, एक फोरमन बाबुरावकडे, एक इथं आणि एक दगडूकडे. कुलूप फोडलेलं नाही. तुम्हीच सांगा.”

“म्हणजे तीन माणसं.”

“माझी किल्ली ह्या ड्रॉवरात आहे. बाबुराव आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे. उरला कोण?” तो उठला. “आणि खरं सांगू? ती चिंच गेली ते वाईट झालं नाही. उद्या बैठकीला मी स्वतः येणार आहे. कोपऱ्यात नवा दगड बसवून देतो म्हणून सांगणार आहे. संगमरवरी.”

लतिका जिना उतरली ती दात ओठ खात. संगमरवरी म्हणे!

३

वेलणकरांच्या शिवडीतल्या यार्डात त्या दुपारी सगळं थंड होतं. दोन बुलडोझर ताडपत्री ओढून बसले होते. फोरमन बाबुराव शेलार पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर होता. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, मिशा पिळदार. उजव्या हाताची बोटं त्यानं फडक्यात गुंडाळली होती.

“काय झालं हो हाताला?”

“काय न्हाय. काल सायलेन्सर लागला.” त्यानं हात मांडीखाली सारला, पण फडकं सरकलं आणि लतिकाला बोटांवरचे टपोरे फोड दिसले. फोडांच्या कडेला काळपट डाग होते.

“हत्ती सोमवारी कुठं उभा होता?”

“हितंच, शेडच्या तोंडाशी. शनिवारी दगड्यानंच लावला. सूप लावलेलं व्हतं. खड्ड्याचं काम चाललेलं.”

“आणि झाड उपटलं पंजानं. म्हणजे कुणीतरी सूप काढून पंजा लावला. एकट्या माणसाला जमतं ते?”

बाबुराव बोलायच्या आधीच मागून आवाज आला, “एकट्याचा काम नाय ता, बाई.”

नाना मेस्त्री ताडपत्रीखालून बाहेर आला. मालवणचा, बुलडोझर चालवणारा, दगडूचा जुना दोस्त. सध्या त्यानं दगडूशी बोलणं टाकलं होतं. “एकान वर बसान सोंड नेमकी धरूची लागता, दुसऱ्यान खाली रवान पिनेवर घण घालूचो लागता. मंगळवारी माका तोच प्रश्न पडलो. दगडूच्या जोडीक कोण होतो?”

“तू न्हवतास ना?” बाबुराव गुरगुरला.

“माझी आवस वरून इली तरी त्या चिंचेक हात लावचंय नाय!” नाना भडकला. “राखणदार होतो तिच्यावर. माझ्याकडे किल्लीय नाय.”

लतिकानं दोघांना थोपवलं. “राखणदाराचं सांगा. झाड पाडायचं झालं तर तुम्ही काय करता?”

“विडो आणि नारळ. झाडाच्या मुळात ठेवचो, गाऱ्हाणा घालूचा, मगे दुसऱ्या दिवशी हात लावचो. नाय तर झाड अंगावर येता.”

“आमच्यात न्हाय तसं,” बाबुराव म्हणाला. आता तो खुलला, कारण हा त्याच्या आवडीचा विषय होता. “मशीन म्हंजी जनावर हाय बाई. मोठं झाड काढायचं तर पट्ट्याखाली लिंबू दिल्याबिगर मी लिवर वढला न्हाय कधी. रक्त मागतंय त्ये. आन ह्यो दगड्या! डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर बुद्धाची दीक्षा घिऊन आला, तवापास्नं लिंबू न्हाय, कुकू न्हाय, दसऱ्याची पूजासुदिक करणार न्हाय म्हनतो. मी म्हनलं, मशीनचा अपमान करतोस, एक दिस वंगाळ व्हईल. झालं का न्हाय?”

“म्हणजे डिसेंबरपासून हत्तीखाली एकही लिंबू गेलेलं नाही.”

“एक न्हाय! ह्या डोळ्यांनी रोज बघतोय की. लिंबू घिऊन गेलो तर मला म्हनला, सरबत कर.”

नानानं जमिनीकडे बघत मान डोलावली. “ता मात्र खरा. आमच्यात भांडाण झाला त्याच्यावरना.”

लतिका शेडच्या तोंडाशी गेली. हत्तीचे पट्टे जिथून पुढं सरकले होते तिथं ओल्या मातीत दोन रुंद चर उमटले होते. ती उजव्या चरावरून सावकाश चालत गेली, मग डाव्या. डाव्या चराच्या अगदी सुरुवातीला ती थांबली, साडी सावरून खाली बसली आणि केसातला आकडा काढून माती उकरू लागली.

मातीत चेपलेलं काहीतरी पिवळं होतं. अजून ओलसर होतं, आणि त्याला आंबट वास येत होता.

४

दगडूच्या दारावरचं डांबर उन्हानं वितळून अक्षरांना ओघळ आले होते. आत दगडू भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या समोर त्याची आई, रखमा, गोधडीवर पडून होती.

“मी सांगितलं एकदा,” तो लतिकाला म्हणाला. “सभेला होतो. पुन्यांदा सांगणार नाही. ज्यांनी मला माझ्या हातांनी ते चिरे वाहताना बघितलंय, त्यांना सांगायला लागावं? नाही सांगणार. खोली सोडा म्हणाले तर दारात बसंन.”

“तुमची किल्ली?”

त्यानं गळ्यातला दोरा ओढून किल्ली दाखवली. “हिच्यासकट सभेला होतो.”

“आणि चिंच पाडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

दगडूनं किल्ली पुन्हा सदऱ्याआड सारली. “जगदीशशेठनी. महिन्यापूर्वी. बंदच्या दिवशी उरकून टाक म्हणाले. मी म्हटलं, शेठ, हत्ती तुमचा आहे, हात माझे आहेत.”

“हे पोलिसांना का नाही सांगितलं?”

“कोण मानणार? काढून टाकल्यावर मालकाचं नाव घेतो म्हणतील.” तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. “शेठनी संधी साधली. एका दगडात दोन पक्षी. चौथरा गेला आणि मीपण गेलो.”

लतिकानं पर्समधून रुमाल काढून उलगडला. चेपलेलं लिंबू त्यात होतं. दगडूनं नुसतं बघितलं आणि मान फिरवली.

“हे माझं नाही.”

“ते मला ठाऊक आहे.” तिनं लिंबू खिडकीच्या उजेडात धरलं. मधोमध आरपार भोक होतं, आणि भोकात काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. दोऱ्याचं टोक ओढून तोडल्यासारखं फिसकटलेलं होतं. सालीवर एका बाजूला शाईसारखा तेलकट काळा डाग होता.

“लिंबू!” गोधडीवरून रखमा खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. “सोमवारी माझा जीव जात होता तेव्हा एक मिळालं नाही ग बाई. आता कुठून आलं?”

लतिकाचा हात तसाच हवेत राहिला. म्हातारीनं नेमका प्रश्न विचारला होता. बंदच्या दिवशी, सगळा बाजार मिटलेला असताना, हे लिंबू आलं कुठून?

मग तिला गिरगावातली मोटार आठवली. मिरच्या आठवल्या. दिसल्या होत्या फक्त मिरच्या, आणि ती त्यांच्याकडे बघून हसत पुढं गेली होती. तिनं कपाळावर हात मारला.

“दगडू,” ती उठता उठता म्हणाली, “उद्या बैठकीला तुम्ही आलंच पाहिजे. बोलू नका हवं तर. पण या.”

५

बैठक उपटलेल्या चिंचेजवळच भरली. ऊन उतरत होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तो काळा दगड कुणीतरी धुऊन उताणा करून ठेवला होता. जयरामची आई कमलाबाई त्याच्याशेजारी बसली होती. दगडू आला तेव्हा माणसं बाजूला सरली, पण वाट देण्यासाठी नव्हे.

जगदीश वेलणकरांची मोटार रस्त्याच्या कडेला थांबली. बाबुराव दार उघडायला पुढं धावला. जगदीशनं संगमरवरी दगडाचं भाषण सुरू केलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच लतिका उठली.

“शेठ, दगडाचं मागाहून बघू. आधी हे बघा.” तिनं रुमाल उलगडला. “हे लिंबू हत्तीच्या डाव्या पट्ट्याखाली चिरडलेलं मिळालं. हत्ती शेडमधून निघाला, तेव्हाच ते खाली ठेवलेलं होतं. हत्ती शनिवारपासून जागचा हलला नव्हता, तेव्हा हे सोमवारचंच. आता दगडू मर्चंडे डिसेंबरपासून मशीनला लिंबू देत नाही. कोण म्हणतं? मी नाही म्हणत. बाबुराव म्हणतात. तक्रार करकरून म्हणतात. बरोबर ना बाबुराव?”

बाबुरावच्या मिशा हलल्या. त्यानं फडक्यातला हात पाठीमागे घेतला.

“नाना राखणदाराला विडा-नारळ देतात, लिंबू नाही. शेठ तर असल्या गोष्टींना खूळ म्हणतात. एका यार्डात तीन रीती. लिंबू देणारा माणूस एकच.”

“कायतरीच!” बाबुराव ओरडला. “माझ्यावर ढकलायला दगड्यानंच ठेवलं आसंल!”

“ढकलायचं असतं तर त्यानं कालच बोट दाखवलं असतं. त्यानं तर लिंबाकडे बघितलं आणि मान फिरवली. आणि दगडू आणणार कुठून? त्याच्या आईला ओकाऱ्या होत होत्या, बायको शिवडीभर फिरली, एक लिंबू मिळालं नाही. कोण कोण नाही म्हणालं होतं कौसल्येला?”

बायकांत कुजबुज झाली. दोन-तीन हात वर आले.

“मग हे आलं कुठून? बघा, ह्याला भोक आहे. भोकात काळा दोरा आहे. असं लिंबू कुठं असतं, ते पोरांनाही ठाऊक आहे.” ती वळली आणि सरळ मोटारीकडे चालू लागली. सगळी सभा तिच्या मागे उठली. बंपरला मिरच्या लोंबत होत्या, आता जरा सुकलेल्या. त्यांच्या खाली फिसकटलेला काळा दोरा होता, आणि दोऱ्याखाली काही नव्हतं.

“लिंबू-मिरचीत मिरच्या असतात, लिंबू असतं आणि सगळ्यात खाली बिब्बा. शेठच्या आईंनी शनिवारी स्वतःच्या हातानं ओवली. लिंबू आणि बिब्बा गेले कुठं? शेठ मला म्हणाले, बंदच्या दिवशी गाडी गॅरेजमधून हललीच नाही. मग गाडीचं लिंबू शिवडीत हत्तीखाली चालत आलं?”

जगदीशचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शाबूत होता. “रस्त्यात कुणीही तोडलं असेल. उनाड पोरं असतात.”

“असतात ना. म्हणून मला बिब्बा हवा होता.” लतिका बाबुरावसमोर जाऊन उभी राहिली. “लिंबू सोडवायचं तर खालचा बिब्बा आधी काढावा लागतो. घाईत चिमटीत धरून ओढला की फुटतो आणि त्याचं काळं तेल बोटांना लागतं, लिंबालाही लागतं. माझ्या मावशीच्या टाचेच्या भेगांना मी बिब्बा लावायची, एकदा माझ्याच हातावर सांडला होता. बिब्बा उतला की कसे फोड येतात आणि कडेला कसा काळा डाग राहतो, ते मी आठवडाभर भोगलंय. बाबुराव, फडकं सोडा.”

“सायलेन्सर लागला म्हनून सांगितलं की!”

“काल बुधवारी तुम्ही म्हणालात, काल लागला. म्हणजे मंगळवारी. नाना, शनिवारपासून यार्डात कुठलं मशीन तापलं होतं?”

“खयचा तापता!” नाना पुढं आला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “बंद होतो, मगे पोलीस इले, कोणी हात लावूचो नाय म्हणान सांगितल्यानी. सायलेन्सर बर्फासारखो गार होतो. तापलो असलो तर सोमवारी तापलो.”

कमलाबाई उठल्या. त्यांनी बाबुरावचा हात धरला आणि फडक्याची गाठ सोडली. कुणी त्यांना अडवलं नाही. बाबुरावनंही नाही. फोड सगळ्यांना दिसले.

तो मटकन खाली बसला.

“शेठ घण घिऊन खाली हुबं व्हतं,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “म्या वर बसलो. शेठ म्हनलं, न्हाय केलंस तर उद्यापास्नं येऊ नको. वीस वर्सं चाकरी केली, म्हातारपनी कुठं जाऊ? पर चिंच पाडायची आन रिकाम्या हातानं? मला झालं न्हाय. लिंबू कुठं मिळंना. गाडीला दिसलं.”

“आणि दगडूवर आलं तेव्हा?” लतिकानं विचारलं.

“वाटलं... ज्यानं मशीनला मान दिला न्हाय त्याच्यावर गेलं, तर जाऊ दे.”

जगदीश गाडीत बसायला वळला. “लिंबू कोर्टात चालत नाही, मिस दिघे.”

“लिंबाबरोबर आता माणूस आहे. मनाई हुकूम मोडलात, त्याचं उत्तर तिथं द्या. कोर्टात काय चालतं ते मी बघते,” लतिका म्हणाली. “इथं काय चाललं ते तुम्ही बघितलंत.”

गाडीपुढे माणसं उभी होती. कुणी काचेला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं बाजूला व्हायला खूप वेळ लावला. मिरच्या लोंबवत ती गाडी गेली.

६

नाना सगळ्यांच्या आधी तिथून निघाला होता. लतिका दगडूबरोबर चाळीत पोचली, तेव्हा तो दारापाशी उकिडवा बसून रॉकेलच्या बोळ्यानं डांबर खरवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

“तू?” दगडू म्हणाला.

“मीच.”

दगडू दारापर्यंत गेला. लतिकाला वाटलं आता भडका उडणार. पण तो नानाशेजारी बसला. “कोपऱ्यात राहिलंय बघ,” एवढंच म्हणाला. नानाचा चेहरा ओला झाला होता, आणि त्याला कारण रॉकेल नव्हतं.

रविवारी सकाळी सगळी चाळ पुन्हा चिंचेच्या जागी जमली. चिंच काही परत उभी राहणार नव्हती. पण चिरे होते, दगड होता, आणि काळा दगड नुसत्या हातांनी चौथऱ्यावर चढवण्यासारखा नव्हता. दगडू हत्तीकडे निघाला, तेव्हा कुणीतरी घाबरत विचारलं, “मालकाची परवानगी?”

“पाडताना कुणी कुणाची घेतली होती?” दगडू म्हणाला. हँडलची पेटी त्यानं गळ्यातल्या किल्लीनं उघडली, हत्ती सुरू केला आणि तो वर जाऊन बसला. नाना घण घेऊन खाली उभा राहिला. दोघांनी पंजा काढला आणि पोरांनी शेडमधून ओढत आणलेलं सूप चढवलं, एकमेकांकडे न बघता, वर्षानुवर्षं करत आले तसं.

दगडू लिव्हर ओढणार तेवढ्यात कमलाबाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांच्या तळहातावर कुंकू लावलेलं एक लिंबू होतं. त्यांनी ते सवयीनं डाव्या पट्ट्याखाली ठेवलं आणि हात जोडले. पोराचा दगड पुन्हा उभा राहत होता, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

लतिकानं दगडूकडे पाहिलं. ज्या गोष्टीला तो यार्डात नाही म्हणाला, फोरमनला नाही म्हणाला, तिला जयरामच्या आईसमोर नाही म्हणायचं होतं. आणि तो हो म्हणणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

दगडू खाली उतरला. वाकून त्यानं लिंबू उचललं आणि आपल्या सदऱ्याला पुसून कुंकू काढलं. मग ते दोन्ही हातांनी कमलाबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

“आई, मी मशीनला लिंबू देत नाही. आज पण नाही देणार. जयरामच्या दगडाला माझे हात पुरे आहेत.” “पण माझी म्हातारी आठवडाभर लिंबाचं पाणी मागतेय. तिला नेऊन द्याल?”

कमलाबाईंनी लिंबाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग लिंबू कनवटीला लावलं.

“देते. साखर जास्त घालू का तिला?”

“घाला.”

तो वर चढला. त्यानं लिव्हर ओढला, आणि हत्ती पहिल्याच झटक्यात पुढं सरकला.